इंदूच्या दंडावरची लस

“म्हातारं माणूस ज्या दिवशी हात पुढं करील त्याच दिवशी त्याला टोचावं, वहिनी. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचार करतं, आणि विचार केला की हात मागं घेतं.”

आमच्या ओटीवर बसून आबाजीपंत मला हे म्हणाले होते. पंत सरकारी देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, बारा वर्षं गावोगाव पोरांचे दंड टोचत फिरलेले. मी हसले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढलेली मी, मला वाटलं, माणसाला एकदा पटलं की पटलं. गणित आज समजलं म्हणजे उद्या काही ते चुकत नाही. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी पान तोंडात घातलं आणि विषय सोडून दिला.

ही हकीकत अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली, कळंबची. हे तिथल्या शाळेवर मास्तर होते आणि आमची इंदू सात महिन्यांची होती. तिच्या आधीचा मुलगा दहाव्या महिन्यात तापानं गेला होता. म्हणून इंदू झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसे, श्वास लागतो का बघायला. सुरुवातीला हे माझी थट्टा करीत. पुढं थट्टा बंद झाली, नुसतं बघत.

इंदूला न्हाऊ घालायला गावातली जयवंता यायची. साठीची बाई, हाडानं मोठी, हातांना कायम खोबरेलाचा वास. न्हाणीत पाय लांब पसरून बसायची आणि नडगीवर इंदूला पालथी घालून आधी तेल चोळायची, मग पाणी. इंदू माझ्याजवळ रडायची, तिच्या पायांवर कधी नाही. जयवंताचा चेहरा मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या ध्यानात राहिला होता. त्या वयाच्या निम्म्या बायकांच्या तोंडावर देवीचे वण असत. हिचं तोंड घोटलेल्या लाकडासारखं नितळ होतं. तिला त्याचा अभिमान होता. देवीआई मला बघून पुढं गेली, असं ती सांगायची.

मला त्याचीच धास्ती वाटे. ज्याला देवी आल्या नाहीत आणि ज्याला टोचलेलंही नाही, त्याला साठाव्या वर्षीही येतील, हे मी कॉलेजात वाचलं होतं. पंतांचं सगळं काम पोरांचं, म्हाताऱ्यांकडे कोणी बघतच नव्हतं. मोठ्यांना टोचाल का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, आणा की, मी कुठं नाही म्हणतो, पण येतो कोण?

मग मी इंदूला कडेवर घेऊन घरोघर फिरू लागले. जयवंताचा नवरा येसाजी कानानं मंद, त्याला दोनदा सांगावं लागे, आणि दोन्ही वेळा तो मान हलवून नाहीच म्हणे. शेजारचा धाकलू सत्तरीचा, जिभेनं तिखट. तो म्हणाला, “बाय, माज्या अंगात देवीला बसाया जागा कुटं हाय? नुसती हाडं. ती येईल आन ठेचकाळून जाईल.” सगळी हसली, मीही हसले आणि हात हलवत परत आले.

इंदूला टोचलं त्या दिवशी मला बघवेना, म्हणून जयवंतानंच तिला मांडीवर धरलं. आमच्याकडे तेव्हा मुंबईसारखी वासराच्या अंगावर तयार केलेली लस येत नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड धरले की आठव्या दिवशी त्यातली लस नस्तराच्या पात्यानं काढायची आणि पुढच्यांना टोचायची, अशी रीत. पंत आठव्या दिवशी यायचे होते. चौथ्या दिवशी इंदूच्या दंडावर तीन ठिपके उठले, सहाव्याला ते भरले, मोत्यासारखे. जयवंता त्या दंडाला पाणी लागू न देता न्हाऊ घालायची.

सहाव्या दिवशी इंदूला पुसता पुसता ती आपण होऊन म्हणाली, “बाय, ही हिच्या दंडावर आलेली देवी म्हंजी माजी नातच की. तिला मी नाय कशी म्हनू? मला हिचीच टोचा.”

त्याच दुपारी तिनं येसाजीला तयार केलं. धाकलूला काय सांगितलं देव जाणे, पण तोही कबूल झाला, आणि त्याच्यामागून आणखी दोघं. पाच म्हातारी माणसं. महिनाभर माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते तिनं एका दुपारी केलं. अट एकच, लस मास्तरांच्या लेकीची पाहिजे.

सातव्या दिवशी इंदूचा दंड सुजला. बगलेत गाठ आली, अंग तापलं आणि ती दूध घेईना. असं होतंच, हे मला ठाऊक होतं. विहिरीवरच्या बायका म्हणत, लस काढली की लेकराचं सत्त्व त्याबरोबर जातं, मागं नुसतं कातडं राहतं. ‘हा खुळेपणा आहे’ असं मीच त्यांना दहा वेळा समजावलं होतं. पण त्या दिवशी इंदूला मांडीवर घेऊन बसले असता मला तेच ऐकू येत राहिलं, आणि पहिल्या मुलाचे शेवटचे दोन दिवस डोळ्यांपुढं येत राहिले.

आठव्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. इंदू हसतही होती. तरी मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तिच्या दंडाला घट्ट गुंडाळली.

शाळेच्या पडवीत पाचही जणं ओळीनं बसली होती. येसाजीनं बंडीची बाही खांद्यापर्यंत वर केलेली, जणू नांगराला हात घालायचा आहे. जयवंता टोकाला होती. पंतांनी इंदूला घ्यायला हात पुढं केले.

मी म्हटलं, “फोड फुटले. पदरानं घासले रात्री.”

पंतांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बघू तरी.”

“नको. झोपली आहे ती.”

इंदू माझ्या खांद्यावर जागी होती आणि माझ्या कानातलं ओढत होती. पंतांनी हात खाली घेतले. मग ते त्या पाच जणांना म्हणाले की काही बिघडत नाही, वाडीवरच्या लडकूची पोर आज आली आहे, तिचे फोड उत्तम धरलेत, तिचीच लस घेऊ. लडकू डोंगरावरच्या ठाकूरवाडीतला, रानावर जगणाऱ्या ठाकूर जमातीचा. आपल्या लहान पारूला आणि म्हाताऱ्या आईला, बुधीला, घेऊन तो पडवीच्या पायरीवर बसला होता.

ओळ हलली. धाकलू उठला आणि धोतर झटकलं. “वाडीवरल्या पोरीचं आमच्या अंगात? ते नाय जमायचं.”

बुधी पायरीवरूनच म्हणाली, “माजा मध चाटतोस तवा कसं जमतं रं, धाकल्या?”

ओळीतली दोघं हसली, पण धाकलू गेला आणि त्याच्यामागून ती दोघंही गेली. येसाजीला काय चाललंय ते उशिरा कळलं. त्यानं बाही खाली ओढली. जयवंता तेवढी उभी राहिली, एकदा पारूकडे बघून, एकदा जाणाऱ्यांच्या पाठीकडे. तेव्हा मी पट्टी सोडली असती तर सगळी परत येऊन बसली असती. मी सोडली नाही. जयवंता माझ्याजवळ आली, इंदूच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाली, पुढल्या खेपेला बघू. मग नवऱ्याच्या मागून चालू लागली.

रिकाम्या जागेवर बुधी येऊन बसली आणि तिनं दंड पुढं केला. पंतांनी तिला तीन ठिकाणी टोचलं. ती म्हणाली, मुंगी चावते ह्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी जयवंता नेहमीच्या वेळी आली. येऊ नका, असा निरोप पाठवायचं माझ्या मनात होतं, पण त्याला कारण काय सांगायचं ते सुचलं नाही. तिनं इंदूला पायांवर घेतलं आणि पट्टीची गाठ सोडली. मी न्हाणीच्या दारात उभी होते. तीन फोड होते तसे होते, टचटचीत, एकालाही ओरखडा नाही.

एकेक फोड तिनं बोटाच्या टोकानं चाचपून बघितला. इंदू पाय झाडत होती.

“फुटलं नाय गं ह्ये,” ती म्हणाली.

मी खाली पडलेली पट्टी उचलली. मग मी घाईघाईनं म्हटलं की पंत अजून शेजारच्या पोशिरातच मुक्कामाला आहेत, माणूस पाठवते, आज दुपारपर्यंत येतील, अजून लस निघेल.

जयवंतानं तांब्या उचलला. “आन धाकलूला काय सांगशील? रात्री फुटलं आन सकाळी जुळलं?” तिनं इंदूच्या पाठीवर पाणी सोडलं, तो दंड बाजूला धरून. “ऱ्हाऊ दे. एक पोर घालवलंयस, तुजा जीव भ्याला. मानसं तुज्या तोंडाकडं बघून पोरं टोचून घेत्यात. त्यास्नी कळलं तर उद्या पोरंबी न्यायची नायत.”

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी माणूस पाठवला नाही. नंतर विहिरीवर कोणी विचारलं तेव्हा, फोड फुटले होते, मी डोळ्यांनी बघितले, असं जयवंतानं सांगितल्याचं माझ्या कानावर आलं.

फाल्गुनात गावात देवी आल्या. टोचलेली पोरं खेळत राहिली, आजार शिरला तो न टोचलेल्या म्हाताऱ्यांत. पहिला धाकलू पडला. त्याच्या घरात करणारं कोणी नव्हतं, म्हणून जयवंता गेली. मला आई धरत नाही, म्हणाली. मी तिला वाटेत गाठून जाऊ नका म्हटलं. मग पानी कोन देनार त्याला, असं तिनं मला विचारलं आणि पुढं गेली. धाकलू वाचला, एक डोळा गेला. तो उठून बसला त्या आठवड्यात तिला ताप भरला.

ताप येताच तिनं येसाजीला कर्जतजवळच्या कोंडाण्याला, लेकीच्या घरी धाडलं. तो जाईना, तेव्हा तिनं आतून कडी घातली, असं शेजारी सांगतात. मला निरोप आला की लेकराला घेऊन ओटीवर यायचं नाही. इंदूला टोचलेलं होतं, मला लहानपणीच टोचलेलं होतं, आम्हां दोघींना भय नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी गेले ती सातव्या दिवशी, आणि इंदूला ह्यांच्याजवळ ठेवून.

आत बुधी बसली होती. वाडीवरून उतरून आली होती, मला आता काय होत नाय म्हणून. कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. जयवंताला मी लगेच ओळखलं नाही. तो चेहरा राहिला नव्हता. डोळे मिटलेले, पण माझा आवाज तिनं ओळखला.

“आंगोळ कोन घालतं तिला?”

“मीच घालते.”

“कानात पानी जाऊ देऊ नगंस. मान डावीकडं धर, तिला तशी सवय हाय.”

मला माफ करा, असं म्हणायचं ठरवून मी गेले होते. शेजारी बुधी होती आणि दारात आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी ते बोलले असते तर तिनं माझ्यासाठी झाकलेलं सगळं उघडं पडलं असतं. निदान तेव्हा मी मनाशी कारण हेच दिलं. मी मान हलवली, तिला ती दिसली नाही. अकराव्या दिवशी ती गेली.

ह्यांना मी त्यानंतर सांगितलं.  ह्यांनी इंदूला माझ्याकडून घेतलं आणि अंगणात फिरत राहिले. पुढच्या हिवाळ्यात पंत आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं. मग पट्टी का सोडली नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, वहिनी, आईच्या कडेवरचं मूल ओढून घेतलं की त्या गावात पुन्हा दार उघडत नाही.

त्याच पडवीत, पोरं टोचायला आलेल्या सगळ्या घरांसमोर, मी उभी राहून जे झालं ते सांगितलं. फोड फुटले नव्हते, मी भ्याले, इंदू धडधाकट आहे आणि जयवंता त्यापायी गेली.  एक म्हातारी उठून गेली. पण गेल्या खेपेच्या ओळीतली ती दोघं पुढं आली, आणि बुधीनं आणखी तिघांना वाडीवरून आणलं. ज्या पोराचे फोड धरले होते त्याची लस त्यांनी घेतली, पोर कोणाचं ते विचारलं नाही.

येसाजी आला नाही. तो तेव्हापासून कोंडाण्यालाच आहे. पंत त्याच्याकडे दोनदा जाऊन आले. ती न घेता गेली, मी घेऊन काय करू, एवढंच तो म्हणतो. मी एकदा जाऊन आले, तर त्यानं माझ्यासाठी घोंगडी अंथरली, इंदू कशी आहे विचारलं आणि बाही काही वर केली नाही. मी काय केलं हे त्याला कोणी सांगितलं आहे की नाही, ते मला कळलं नाही. आता ह्यांची बदली खालापूरला झाली आहे, मला सातवा महिना लागला आहे, आणि ती वाट माझ्याच्यानं होत नाही.

कर्जत स्टेशनावर उतरून कोंडाण्याची लेणी बघायला जाणारे पुष्कळ असतात. हे वाचणाऱ्यांपैकी तुम्ही कोणी गेलात तर लेण्यांच्या खालच्या गावात कळंबच्या येसाजीचं घर विचारा, लेकीच्या घरी राहतो. मोठ्यानं बोला, त्याला कमी ऐकू येतं. थोडं बसा. दंडावर तीन खुणा आहेत का बघा. नसतील तर माघात पंत कर्जतच्या कचेरीत असतात, त्यांना कळवा, आणि ते येतील त्या दिवशी जमलं तर त्याच्या शेजारी बसून राहा. मला चार ओळी खालापूरच्या शाळेच्या पत्त्यावर लिहा. खुणा नसल्या तरी लिहा. तो जेवतो का, तेही लिहा.