गारव्याची वेगळी वाट

मेन्थॉलचा स्फटिक काचेच्या मोडक्या सुईसारखा दिसतो, लांबट आणि पारदर्शक. बशीत उघडा ठेवला तर तो वितळत नाही. न वितळताच हळूहळू हवेत निघून जातो.

मामांनी त्या बशीवर वाकून श्वास घेतला आणि म्हणाले, "आला. वास आला."

साबणाच्या आमच्या कारखान्यात सुगंधी तेलांचं मिश्रण मामा करतात, तपासणी मी करते. मोठ्या तापात त्यांचा वास गेला, तेव्हापासून ते अंदाजानेच तेलं मिसळत होते. दोनदा साबणाचा आख्खा घाणा फेकावा लागला. काम माझ्याकडे सोपवायचं का, असं मालकीणबाई विचारत आणि मामा दर वेळी "बघू" म्हणून टाळत. यांचं नाक आता चष्मा टेकवण्यापुरतंच उरलंय, असं मामी सगळ्यांदेखत म्हणायची.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. एका कागदी पट्टीवर मेन्थॉल लावलं, दुसरीवर गोड पुदिन्याचं तेल. त्यातल्या कार्व्होन या घटकाला वास भरपूर, पण गारवा नाही.

पहिली पट्टी त्यांनी लगेच ओळखली. नाक मोकळं झालं म्हणाले. दुसरी बराच वेळ हुंगली.

"ही कोरी आहे. म्हाताऱ्याची फिरकी घेतेस होय गं?"

मी ती पट्टी त्यांच्या हातात दिली. तेलाचा डाग त्यांनी अंगठ्याने चाचपला.

मग मला सांगावंच लागलं. मेन्थॉलचा गारवा वासाच्या नसेतून जात नाही. गार वारा ज्या नसेला कळतो, तिला तो जाऊन भिडतो. नाक होतं तेवढंच मोकळं राहतं, काहीही थंड होत नाही. नस मात्र थंडी पडल्याचं कळवते.

मामांनी मनगटावर मेन्थॉलचं मलम चोळलं आणि मला तिथेच थर्मामीटर टेकवायला लावला. आकडा हलला नाही. ते मनगटाकडे पाहत राहिले, मग आकड्याकडे, मग पुन्हा मनगटाकडे.

"गार लागतंय की गं," ते हळूच म्हणाले. "उभा जन्म हे हाताळलं, आणि हे मला दुसऱ्याच दाराने भेटत होतं."

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. तरी त्यांच्या मनगटावरचे उभे राहिलेले केस पाहून माझ्याही अंगावर काटा आला.

बशीवर त्यांनी झाकण ठेवलं.

"सोमवारपासून मिश्रण तू करायचंस," मामा म्हणाले.