जास्तीचा जोडलेला कागद

मंगळवारी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तृप्तीच्या फोनवर कॅनडातल्या विद्यापीठाचा ईमेल आला. तिचा पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज थांबवला होता. कारण मी.

मित्रांनो, मी एक जुना सरकारी कागद आहे. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचे प्रमाणपत्र. पिंपळगाव रेणुकाईच्या रामप्रसाद यांनी आपल्या मुलीसाठी मला आठ वर्षांपूर्वी काढले. अकरावी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, कृषी पदवी, सगळीकडे माझी झेरॉक्स गेली. तृप्ती भारताची नागरिक आहे, असे सांगणारा घरात मी एकटाच होतो.

गेल्या वर्षी पासपोर्ट आला. निळा, जाड, वर सोनेरी सिंह. तृप्तीच्या आईने, उषाबाईंनी, त्याला हळदकुंकू लावले. तो कपाटाच्या कुलपात गेला, मी पलंगाखालच्या पेटीत राहिलो. त्याने तेव्हा गावची वेससुद्धा ओलांडली नव्हती, तरी पाहुण्यांना तोच दाखवत. मी जळत होतो.

अर्ज भरायच्या दिवशी नागरिकत्वाचा रकाना आला. तृप्तीने 'परदेशी विद्यार्थी' निवडले.

"आपुन परदेशी?" रामप्रसाद चमकले. "सात पिढ्या हितंच गेल्या की गं!"

"त्यांच्यासाठी परदेशी, पप्पा. खाली देश विचारलाय, तिथं भारत लिहिलं. पासपोर्ट बी जोडला."

"मंग ह्यो बी जोड." त्यांनी मला पेटीतून काढले. "तहसीलात कागद कमी पडला म्हणून लोक वापस येतेत. जास्त झाला म्हणून कोणी आलं का?"

"बराबर हाय," उषाबाई म्हणाल्या, "पण तिथं तहसील न्हाई ना!"

तृप्ती हसली आणि तिने मला स्कॅन केले. पासपोर्टच्या बरोबरीने मीही निघालो होतो.

पासपोर्टवर तिची जन्मतारीख १९ सप्टेंबर आहे. ती दवाखान्याच्या नोंदीवरून आलेली, खरी. माझ्यावर १ जून आहे. पहिलीत घालताना वय कमी भरत होते, म्हणून गुरुजींनी ती लिहिली, आणि शाळेच्या दाखल्यावरून ती माझ्यावर उतरली. गावातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. इथे कोणाला ते कधी खटकले नाही.

विद्यापीठाला खटकले. खरी तारीख कोणती, याचे शपथपत्र शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर अर्ज रद्द.

"म्याच जोडायला लावलं," रामप्रसाद म्हणाले.

"स्कॅन तर मी केलं ना, पप्पा."

मित्रांनो, कागद जपता तसे ते वाचतही जा. दोन्ही तारखा मला ठाऊक होत्या. कागदाला बोलता येत नाही. पण बोलता आले असते, तरी त्या दिवशी मी गप्पच बसलो असतो.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता शपथपत्र गेले. रामप्रसाद यांनी मला पासपोर्टशेजारी, त्याच कुलपात ठेवले. आज शनिवार, दुपारचे तीन. अर्जापुढे अजून 'तपासणी चालू' एवढेच दिसते आहे.