दादाची चिप

दादाने मॅरेथॉन धावायचं मनावर घेतलं आणि घरात साधं चालण्याचीही चोरी झाली. "टाच आधी टेकतेय तुझी," बायको स्वयंपाकघरात निघाली तरी तो मागून ओरडायचा. विमा कंपनीत तो खातेप्रमुख होता. समोरचा मान डोलवेपर्यंत बोलत राहायची सवय तिथलीच. पाच तासांच्या आत पूर्ण करणार, असं त्याने ऑफिसभर सांगून ठेवलं होतं. सोबतीला धाकट्या बहिणीचं नाव परस्पर नोंदवूनही टाकलं.

"छोटी, जमेल तेवढं धाव. मी आहे ना!"

छोटी एक्केचाळीस वर्षांची होती. दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर उभं राहून मेणाचे जबडे कोरायचे आणि संध्याकाळी मान मोकळी करायला नदीकाठी पळायचं, हा तिचा सहा वर्षांचा क्रम. पण छोटी करायची ते नुसतं पळणं; दादा करायचा ते धावणं.

शर्यतीच्या सकाळी दादा पट्टे, बाटल्या, पुड्या आणि दोन घड्याळं लेवून निघाला. पहिले दहा किलोमीटर त्याने छोटीला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. अठराव्याला त्याचा स्वतःचाच श्वास पुरेना. सव्विसाव्याला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि त्याने एका बंद दुकानासमोर फुटपाथवर बसकण मारली.

"छोटी, माझी चिप घे."

बुटाच्या नाडीत ओवलेली ती बोटभर चिप रस्त्यात अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेली की धावणाऱ्याची वेळ आपोआप नोंदली जायची.

"म्हणजे तुझ्या नावावर मी धावू?"

"तू धावणार आहेसच की! नुसती बांध. ऑफिसात काय तोंड दाखवू मी?"

शाळेत त्याचे नकाशेसुद्धा तिनेच काढून दिले होते. एक मोजा काढून बसलेल्या दादाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. तिला संतापही आला आणि कीवही. नेहमीप्रमाणे कीव जिंकली. तिने चिप बांधली.

आणि मग मात्र ती सुटली. कानाशी कटकट नव्हती, वेग तिचा तिचा होता. पस्तिसाव्याला पायांचे ओंडके झाले, तेव्हा चाळीस वर्षं साठवलेल्या शिव्या तिने दादाला मनसोक्त हासडल्या. त्यावर दोन किलोमीटर सहज निघाले. चार तास बावन्न मिनिटं!

टॅक्सीने आधीच पोचलेला दादा केळं खात उभा होता. "वेळ किती लागली मला?" त्याने विचारलं. पदक एकच मिळालं होतं. फोटोपुरतं म्हणून त्याने ते गळ्यात घातलं, ते संध्याकाळी त्याच्या घरी सगळे जेवतानाही तिथेच होतं.

"तिसाव्याला छोटी रडायलाच लागली," तो सगळ्यांना सांगत होता. "मी म्हटलं, नुसती माझ्या पावलांकडे बघ."

तेवढ्यात त्याच्या फोनवर आयोजकांचा निरोप आला: आपली वेळ आणि आपले फोटो. पट्ट्यांजवळच्या कॅमेऱ्यांनी, चिप ज्याची त्याच्या नावाने काढलेले. छोटीला तिचा निरोप तासाभरापूर्वीच आला होता. दादाने आपला निरोप न उघडताच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, साहेबांना पाठवला, मेव्हण्याला पाठवला. छोटी शांतपणे पाणी प्यायली.

वहिनीने फोन उघडला. "अहो, तिसाव्याला तुम्ही फारच बारीक दिसताय."

दादाच्या नावाखाली जीभ बाहेर काढलेली छोटी होती, शिव्या देणारी छोटी होती, दोन्ही हात उंचावलेली छोटी होती. साहेबांचं उत्तरही आलं: 'अभिनंदन. केस छान वाढवलेत.'

दादाने फोन ओढून घेतला आणि सगळे फोटो पाहिले. मग छोटीला म्हणाला, "तू आधीच पाहिलं होतंस?"

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"तू बोलत होतास ना. मधे कशी तोंड घालू?"

दादाने पदक काढून तिच्या ताटाशी ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. छोटीला दोन मिनिटं वाईट वाटलं. मग पदक गळ्यात अडकवून ती घरी निघाली. जिना उतरायला गुडघे वाकेनात, म्हणून कठडा धरून एकेक पायरी उलटी उतरू लागली. तिच्या कोपराला धरून वहिनी उतरत होती आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.