गुडघ्यातली बोंडअळी

मारेगावच्या बाहेर रस्त्याला लागून एक पडीक वावर आहे. त्या साली तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. बैलबंड्या, सायकली, पाठुंगळी आणलेली माणसं, आणि मधोमध पांढऱ्या कफनीतले अळीवाले महाराज. सलग दोन हंगाम बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. जे बोंड उकलावं त्यात अळी, असे ते दिवस. लोकांच्या डोक्यात काय वळवळतंय, ते महाराजांनी बरोबर हेरलं होतं.

"बोंडात अळी, तशी गुडघ्यात अळी," महाराज सांगत. "डॉक्टर वरून फवारा मारते. अळी आत बसून हड्डी खाऊन राह्यली. आपला मंतर सीधा अंदर जाते."

दुखणेकऱ्यानं आपल्या ओळखीच्या वावरातलं बोंड स्वतः तोडून आणायचं. महाराज ते हातात घेत, अंगाऱ्याचा धुरळा उडवत, गुडघ्यावर दाबून हिसका देत. बोंड उकललं की आत रक्तानं माखलेली पांढरी अळी. बोंड आपलंच, तेव्हा शंका कशावर घ्यायची? बाया हात जोडत आणि पुरुष दानपेटीकडं वळत.

धम्मरत्न या गर्दीत मान खाली घालून उभा होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा माणूस. त्याच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, आणि गावात कुणाच्या अंगात आलं की हाच पहिला हसणारा. पण त्याची पोरगी ममता कबड्डीच्या सामन्यात डाव्या गुडघ्यावर पडली आणि त्याचं हसू आटलं. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. जिनिंग कधी चालू, कधी बंद. घराची सगळी आशा तिच्या दोन पायांवर उभी होती, आणि त्यातला एक गेला होता.

यवतमाळच्या राठोड डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून नीट समजावलं होतं. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते. पोरीची एका जागी घासून गेली आहे, तिथं खड्डा पडलाय.

"खड्डा भरायचे तीन रस्ते," त्या म्हणाल्या. "एक, हाडाला बारीक छिद्रं पाडायची. रक्त येतं, साकळतं, त्याची नवी कूर्चा धरते. काम सोपं, पण ती कूर्चा कच्ची. धावणाऱ्या पोरीला काही वर्षांत पुन्हा त्रास देऊ शकते. दुसरा, तिच्याच गुडघ्यात ज्या कोपऱ्यावर भार येत नाही तिथले छोटे तुकडे हाडासकट काढून खड्ड्यात बसवायचे. तरुण पोरांत आणि बेताच्या खड्ड्यात हे चांगलं टिकतं. तिसरा, तिच्या पेशी काढून बाहेर वाढवायच्या आणि मग आत सोडायच्या. त्याला दोनदा उघडावं लागतं, आणि ते मोठ्या खड्ड्यासाठी. ममताला मी दुसरा सांगेन. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात होईल. पण यंदाची भरती विसरा. आणि पूर्वीसारखी धावेलच, अशी हमी मी देत नाही."

धम्मरत्नला एवढ्या बोलण्यातलं 'हमी देत नाही' तेवढंच ऐकू आलं. महाराज तर हमी देत होते.

"बाबा, तुम्ही म्हनता तं चालते मी," ममता म्हणाली होती. "पन बोंड मीच आनीन."

आज तिनं दोन्ही गुडघ्यांना पट्टी गुंडाळली होती. चांगल्या पायावर भार येऊन तोही दुखत असेल, असं धम्मरत्नला वाटलं.

"कोन्ता गुडघा, पोरी?" महाराजांनी विचारलं.

ममतानं आपलं बोंड त्यांच्या हातात दिलं आणि उजवा पुढं केला. धम्मरत्ननं तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं त्याचा हात घट्ट दाबला. अंगारा उडाला, हिसका बसला, बोंड उकललं. आत अळी.

"निघाली! ऊठ, चाल आता."

ममता उठली, आणि आली तशीच डाव्या पायानं लंगडत चार पावलं चालली.

"महाराज, तुमी अळी काढली तो माहा चांगला गुडघा व्हय."

महाराज मुरलेले होते. "अळी पसरते, बेटी. इकडची तिकडं जाते. दुसऱ्या गुडघ्याची बैठक अलग."

गर्दीनं माना डोलावल्या. खरंच, अळी पसरतेच की.

"बरं," ममता म्हणाली. "माह्या बोंडात मी कपड्याची नीळ भरली होती. हे तं पांढरं दिसून राह्यलं. माहं बोंड कुठी हाय?"

महाराजांचा हात कफनीत जाऊ लागला. जन्मभर गठाणी आवळलेल्या धम्मरत्ननं ते मनगट पकडलं आणि बाही उलटी केली. आत शिवलेल्या खिशातून बोंडं पडली. उकलून पाहिली तर एक आतून निळं. बाकीच्यांत कुंकवाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली पांढरी कातरणं. त्यानं एक बोटांत धरून दाबलं. कोंबडीच्या छातीची कुरकुरीत हड्डी. घरोघरी चावून खाल्लेली, आणि इथं हात जोडून पाहिलेली.

महाराज बंडीआडून पसार झाले. धम्मरत्नला मात्र विजय वगैरे काही वाटला नाही. त्याला रडू आलं.

"कायले केलं पोरी? एकच जागा होती, जिथं 'बरं होईल' म्हनत होते."

"बाबा, माह्या गुडघ्यात जास्तीचं काहीच नाही. हाय ते कमी झालं. डॉक्टरीणबाईचे तिन्ही रस्ते भराचे हायेत. हा काढून राह्यला. जे आतमंधी नाहीच, ते हा काढते कसं? त्याच्या नादी लागून धावली असती, तं खड्डा वाढला असता आन् दुसरा रस्ताबी गेला असता."

गर्दी पांगू लागली. जागेवरून हलली नाही ती रुक्माबाई. केळापूरकडून लेकीला, नलूला, बंडीत घालून आणलेली बाई. नलूचा गुडघा नारळाएवढा सुजलेला.

"तू दाखोलं ते खरं, माय," ती म्हणाली. "पन आता मी इले कुठी नेऊ?"

खोटं उघडं पाडणाऱ्यानं या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. नाहीतर हे वावर रिकामं होतं आणि दुसऱ्या वावरात गर्दी जमते. डॉक्टर हमी देत नाही, कारण त्याला आत काय आहे ते दिसलेलं असतं. जो न पाहताच हमी देतो, त्याची बाही आधी उलटून पाहा.

ममतानं बापाकडं पाहिलं. धम्मरत्ननं डोळे पुसले आणि नलूला बंडीत नीट टेकून बसवलं.

"सोमवारी यवतमाळले डॉक्टरीणबाईकडं चाल, बाई," तो म्हणाला. "आमी जाऊनच राह्यलो."