अनुभवी परीक्षक

पाणी गाळण्याच्या वाळूवर एक हिरवट, बुळबुळीत थर साचतो. टाकी साफ करताना तो किती खरवडावा आणि किती राहू द्यावा, एवढंच मी माझ्या पीएचडीत शोधलं. उत्तर मिळालं, पेपर लिहून झाला. आता तो कुठे छापायचा, हा खरा संशोधनाचा विषय होता.

जलशुद्धीकरण केंद्रांतले अभियंते वाचतात ते एक लहानसं जर्नल मी सुचवलं. माझे गाइड असलेल्या सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने दिसेनासं व्हावं अशी अपेक्षा असते.

"तिथे कोण वाचणार?"

"वाळू खरवडणारे, सर."

"मग झालंच."

सरांची पद्धत सोपी होती. इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे मानाप्रमाणे, जर्नलांची उतरती यादी करायची आणि वरून सुरुवात करायची. पेपरात काय लिहिलंय याचा त्या पद्धतीला त्रास नसे. सगळ्यात वरच्या जर्नलने सकाळी पाठवलेला पेपर जेवणाच्या सुट्टीआधी परत केला, कार्यक्षम मंडळी. पुढच्याने हवामानबदलाशी संबंध विचारला. सरांनी तो घालायला लावला. त्यापुढच्यासाठी मी संदर्भांतले स्वल्पविराम काढले आणि त्याच्याही पुढच्यासाठी परत घातले. दरवेळी संदर्भसूचीत सरांचे आणखी काही जुने पेपर येत गेले. "विषयाचा पाया दिसायला हवा," सर म्हणत. पाया एवढा वाढला की त्यात माझी टाकी दिसेना.

दरम्यान सत्र संपत आलं होतं. ते संपेपर्यंत पेपर कुणी स्वीकारला नाही, तर माझी नोंदणी रद्द होणार होती. घरी सासूबाई विचारत, "आला का गं परत? पत्ता नीट घालतेस ना?" नवरा हसायचा. मला हसू येत नसे, कारण मलाही तीच शंका होती.

मग एका जर्नलने पेपर परत पाठवला नाही. "परीक्षणाला गेलाय," सर खुशीत म्हणाले.

सरांकडेही इतरांचे पेपर परीक्षणाला येत. ते वाचायचं काम माझं. मत सरांचं, आणि ते वाचण्याआधीच तयार असे. त्या दुपारी असाच एक पेपर आला, लेखकांची नावं झाकलेला. मी तो उघडला आणि सरळ संदर्भसूची गाठली. संदर्भसूचीत ज्याचं नाव सगळ्यात जास्त, त्यालाच परीक्षक नेमायचं, ही संपादकांची जुनी सोय; लेखकांची नावं ताडून बघायला वेळ कुणाला.

"सर, हा पेपर..."

"वाळूची गाळणी ना? शीर्षक पाहिलंय मी. हवामान कशाला घुसडलंय त्यात? लिही. नावीन्य बेताचं. संदर्भसूची फुगवलेली."

"फुगवलेली," मी लिहिलं. "लेखकांनी कुठे पाठवावा म्हणू?"

"अगं, ते अभियंत्यांचं जर्नल आहे की. कामाची गोष्ट कामाच्या माणसांनी वाचावी. मोठ्यांच्या दारात उगाच ताटकळायचं कशाला? एवढी साधी अक्कल नको लेखकांना?"

"एका लेखिकेला होती, सर," मी म्हणाले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

सरांनी चष्मा घातला. शीर्षकावरून ते सावकाश संदर्भसूचीपर्यंत उतरले आणि तिथे बराच वेळ स्वतःलाच भेटत राहिले.

"पाठवलंस हे?"

"नाही. आपलाच पेपर आपल्याला तपासता येत नाही, असं संपादकांना कळवते आणि पेपर मागे घेते."

"घे." ते खिडकीकडे वळले. "आणि परीक्षकाचं म्हणणं मनावर घेत जा. अनुभवी माणूस दिसतोय."

मी हवामान काढलं, सरांचा पाया उपसला आणि पेपर लहान जर्नलकडे पाठवला. सत्र संपायच्या आत तिथल्या परीक्षकाचा एकच प्रश्न आला: थर खरवडायला फावडं सपाट वापरलं की खोलगट?

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी पेपर वाचला होता. सपाट, असं मी कळवलं, आणि त्यांनी तो स्वीकारला.

"लागला एकदाचा पत्ता," सासूबाई म्हणाल्या.