घराचं नाक

मंगळवारी सकाळी शेजारच्या डेल्मरने बर्फ उडवायचं यंत्र स्वतःच्या अंगणाबरोबर आमच्याही अंगणात फिरवलं. मग दार वाजवून म्हणाला, "अर्डिस, वाट चांगली ऐसपैस करून दिलीय. आणखी काही हवंय? मी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघालोय, संध्याकाळीच येईन."

"काही नको रे, आमचं मजेत चाललंय," मी म्हणाले. आमच्या मिनेसोटात घराला आग लागली तरी माणूस हेच म्हणेल.

अर्ध्या तासात तळघरातली, घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी विझली. बाहेर उणे तीस होतं.

माझा नवरा व्हर्लिन चाळीस वर्षं भट्ट्याच दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि शब्द गेले. दिवसाकाठी दोन-चार येतात, तेही भलतेच. मुलाने, केंटने, बजावून ठेवलं होतं, "आई, एकदा जरी तुला झेपलं नाही, तर बाबा वृद्धाश्रमात जातील. मी नाव नोंदवून ठेवलंय." त्यामुळे मला सगळं झेपायलाच हवं होतं.

मी खाली गेले. हवेची जाळी बदलली. बटण बंद करून चालू केलं. पंखा घुमला, ज्योती लागल्या, आणि मी हुश्श म्हणायच्या आत गेल्या. तीनदा असंच झालं, मग भट्टी रुसून बसली. ज्योत ओळखणारी एक बारीक कांडी असते, ती काजळली की असं होतं, एवढं त्याच्या संगतीत शिकले होते. ती काढून तारेच्या घासणीने लख्ख केली. पुन्हा तेच.

वर आले तर व्हर्लिन खुर्चीत पुढे झुकलेला. "नाक," तो म्हणाला.

मी त्याचं नाक पुसलं.

"नाक. नाक." त्याने माझा हात झटकला.

"पुसलं ना रे. माझं डोकं नको फिरवूस आता."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, थंडीने. मी तेही पुसलं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "उद्या दुपारनंतर बघू, आजी. अख्खं गाव रांगेत आहे." विजेची शेगडी व्हर्लिनच्या पायाशी लावली, दोन गोधड्या घातल्या. दुपारपर्यंत घरातला पारा सत्तर फॅरनहाइटवरून पन्नासाखाली उतरला आणि त्याची नखं निळी दिसायला लागली. डेल्मर घरी नव्हता. इतरांना सांगायची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. शेवटी मीच केंटला फोन लावला.

तो दोन तासांत आला. ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. "आई, तू खूप केलंस," म्हणाला आणि बापाला कोट चढवला. "तूही चल."

"नळ गोठतील. मी थांबते."

गाडीत बसताना व्हर्लिनने घराच्या कोपऱ्याकडे हात केला. "नाक," तो म्हणाला. केंटने स्वतःचा रुमाल काढून बापाचं नाक पुसलं.

गाडी वळली तरी मी त्या कोपऱ्याकडेच बघत होते. मग जाऊन पाहिलं. भिंतीला छातीइतका बर्फ लागला होता, डेल्मरच्या यंत्राने आमची वाट रुंद करताना उडवलेला. मी फावड्याने उकरलं, मग हातांनी. आत भट्टीच्या हवेच्या दोन पांढऱ्या नळ्या होत्या, शेजारी शेजारी, गच्च भरलेल्या. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला व्हर्लिन निघताना एकच सांगायचा, घराचं नाक मोकळं ठेवा. मी शेकडो वेळा ऐकलं होतं.

खाली जाऊन बटण दाबलं. ज्योती लागल्या आणि राहिल्या.

केंटला फोन केला. "भट्टी लागली. बाबांना परत आण."

"आई, वृद्धाश्रमात खोली मिळालीय त्यांना. आज भट्टी होती, उद्या दुसरं काही असेल."

"अरे, त्याला माहीत होतं. तो सांगत होता मला."

"हो, आई," तो म्हणाला, ज्या सुरात मी सकाळपासून व्हर्लिनशी बोलत होते, त्याच सुरात.

संध्याकाळी डेल्मर कागदात गुंडाळलेला मासा घेऊन दारात उभा राहिला. घर छान ऊबदार झालं होतं. "सगळं ठीक ना? व्हर्लिन कुठाय?"

त्याला सांगितलं असतं तर त्याने जन्मभर स्वतःला खाल्लं असतं.

"झोपलाय," मी म्हणाले. "आमचं मजेत चाललंय."