ज्वालानाथांचं रिकामं जातं

दर गुरुवारी दुपारी चार वाजता जगदंबा आमच्या चाळीत यायची. वेळेची पक्की. नळाचं पाणी कधीच वेळेवर यायचं नाही, त्यामुळे देवीचं आम्हाला फार कौतुक.

सन अठ्ठ्याऐंशी, श्रावण. अंबरनाथला चाळीमागच्या पटांगणात ज्वालानाथ महाराजांचा मांडव पडला होता. तोंडाशी पाण्याचं पिंप आणि पाटी : 'चपला बाहेर. हात-पाय धुऊन ओल्या पायांनी आत यावे.' आत मधोमध रोवलेला पितळी त्रिशूळ, त्याच्यापुढे भिजवलेलं गोणपाट आणि पलीकडे सागवानी पाटावर महाराज. त्यांच्या डाव्या हाताला लाकडी चौथऱ्यावर दगडी जातं. जातं फिरवायला शिष्य. नाव बाळ, वय चाळीस, डोळ्यांवर घट्ट लाल फडकं.

"हे देवीचं जातं," महाराज सांगत. "यात धान्य नाही दळत, पापं दळतात. बाळच्या डोळ्यांवर पट्टी का? कारण कुणाचं पाप दळतोय हे त्याला दिसायला नको. इथे वशिला चालत नाही!"

न्यायाची पद्धत सोपी. संशयितानं गोणपाटावर उभं राहून त्रिशूळ धरायचा. निर्दोष असला तर काही होत नसे. दोषी असला तर महाराज "बोल जगदंब!" अशी आरोळी ठोकत, बाळ जातं जोरात फिरवी आणि देवी त्या माणसाला झटका देई. आरोळी जितकी मोठी तितकं जातं जोरात, कारण पापाचा दाणा कडक असतो. महाराज पाटावर बसून, जातं फिरत असताना स्वतः त्रिशूळ धरून दाखवत, त्यांना काही होत नसे.

"माझ्यात पाप असतं तर मला झटका बसला नसता का?" ते विचारत. यावर सगळ्यांच्या माना डोलत. माझीही डोलली. मीही चपला काढून रांगेत होतो. गुडघ्याचं विचारायला गेलो होतो.

त्या महिन्यात चाळीत कावीळ शिरली होती. अकरा पोरं पिवळी पडली आणि सदूचा चार वर्षांचा मुलगा गेला. सदू केमिकल कंपनीत पिंपं उचलायचा. पोराला मातीत ठेवून आल्यापासून त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं. त्या गुरुवारी तो मांडवात आला तो गयाबाईला केसांना धरून ओढतच.

गयाबाई साठीची विधवा. चाळीच्या कोपऱ्यावर तिची गोळ्या-बिस्किटांची टपरी होती. घरात ती आणि बारा वर्षांची नात उमा, दोघीच. आजारी पडलेली सगळी पोरं तिच्याकडचं खाऊन पडली, असा चाळीचा हिशेब. तिच्याकडचं खाऊन धडधाकट राहिलेली साठ पोरं कुणी मोजली नाहीत.

"महाराज, हिनं करणी केली," सदू म्हणाला. "विचारा देवीला."

"मी काय केलंय रे सदू? तुझ्या पोराला मी मांडीवर खेळवलाय!"

तिला गोणपाटावर उभी केली. दोघांनी तिची मूठ त्रिशुळावर दाबून धरली आणि बाजूला झाले. महाराजांनी आरोळी ठोकली. जातं घरघरलं. गयाबाईचा कोपर ताडकन वाकला, मूठ आवळली, मान मागे गेली. तोंडातून निघाला तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

"बघा! त्रिशूळ सोडवत नाही तिला! पाप सोडवत नाही!"

जातं थांबलं तशी ती कोसळली. मग ओल्या दोरानं मारलं. ज्यांची पोरं आजारी होती त्यांनी मारलं, ज्यांना पोरं नव्हती त्यांनीही मारलं. लुगडं पाठीवर फाटलं, रक्त दोराला लागून मारणाऱ्यांच्या मनगटापर्यंत आलं. तिनं तोंडावर हात घेतला आणि सदूनं लाथ घातली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला तो. मी शेवटच्या रांगेत होतो.

महाराजांनी हात वर केला. दयाळूच ते. "आज एवढंच. पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारू. देवीनं पुन्हा झटका दिला, तर ज्या जिभेनं करणीचे मंत्र म्हटले त्या जिभेवर तापला चिमटा. बोल जगदंब!"

सगळे म्हणाले, "जगदंब!" माझेही ओठ हलले.

रविवारी सकाळी महिपती मास्तरांच्या घरी पोरांचा वर्ग असे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. फी नाही, पुस्तक नाही. जुन्या काळी कुणी काय शोधलं ते सांगायचं आणि भंगारातून करून बघायचं. पोरांनी नळीची गुंडाळी करून पाणी वर चढवलं होतं, वाटीला भोक पाडून वेळ मोजायचं घटिकापात्र केलं होतं. अर्धी यंत्रं चालत नसत. मास्तर म्हणत, "का चाललं नाही ते शोधा, मार्क त्याचेच."

त्या रविवारी टेबलावर हातानं फिरवायच्या जुन्या टेलिफोनचा मॅग्नेटो होता.

"दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका लोहाराच्या पोरानं तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवला," मास्तर सांगत होते, "आणि तारेत वीज आली. फॅरडे त्याचं नाव. हे त्याचंच नातवंड. दांडा हळू फिरवला तर मुंग्या, जोरात फिरवला तर हाड हलतं. हात धरा एकमेकांचे. सोडला तो बाद."

हा खेळ मागच्या रविवारीही झाला होता आणि उमानं सगळ्यांच्या शेवटी हात सोडला होता. पोरगी चिवट. पण या वेळी मास्तरांनी दांडा फिरवला आणि उमानं सगळ्यांत आधी हात सोडला. ती समोरच्या पोरांचे ताडकन वाकलेले कोपर बघत उभी राहिली.

"काय गं, घाबरलीस?"

"मास्तर, मांडवात आजीचा हात असाच उडाला."

दांडा थांबला.

"आणि आजी म्हणते, ते जातं रिकामं होतं. रिकाम्या जात्याचा आवाज तिला कळतो. पण हा आवाज दगडावर दगड घासल्याचा नव्हता म्हणे. खालून काहीतरी करकरत होतं, सायकलच्या चेनसारखं."

मास्तर सोमवारी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भंगारवाल्याकडे गेले. तो हसला. "अरे साईं, दो पीस आए थे. एक तुमको दिया, दुसरा एक भगवेवाला ले गया. साथ में पत्थर की चक्की भी. बोला पूजा के लिए."

तिथून ते थेट चौकीवर गेले. हवालदार दौलतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, तक्रार घेतो लिहून. पण गुरुवारी माणूस पाठवायला सांगू नका. माझी बायकोच असते रांगेत."

मग ते सदूकडे गेले. हे त्यांनी करायला नको होतं, असं चाळीचं मत पडलं.

"सदू, आपल्या नळाची पाइप गटारातून गेलीय. गंजून भोकं पडलीत. ये, दाखवतो. कावीळ त्यातून आली."

"तुमचा देवावर विश्वास नाय. तुम्ही मधे पडू नका, मास्तर."

"माझं सोड. पाइप तर बघ."

सदूनं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. चष्म्याची काच गालात घुसली. पाच टाके पडले.

गुरुवार उजाडला. मांडवाबाहेरसुद्धा माणसं उभी. देवीपेक्षा चिमट्याला गर्दी जास्त. शेगडीत कोळसे फुलले होते, चिमट्याचं टोक लाल झालं होतं. ढोलवाले बोलावले होते, म्हणजे ओरडणं फार ऐकू येणार नव्हतं. महाराजांचं नियोजन चांगलं होतं.

मास्तर गालाला पट्टी लावून आले आणि दारातूनच ओरडले, "ते जातं उचलून दाखवा!" चौघांनी त्यांना तिथेच खांबाला दाबून धरलं. गयाबाईला आणलं. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला. ती रडत नव्हती. चिमट्याकडे बघत होती.

"आधी माझी परीक्षा!" महाराजांनी उजव्या हातानं त्रिशूळ धरला, डावा आशीर्वादाला वर. "बघा, निष्पाप हात बघा! बोल जगदंब!"

जातं घरघरू लागलं. ढोल सुरू झाले. सदूनं गयाबाईला पुढे ढकललं. तेवढ्यात गर्दीतल्या पायांमधून उमा निघाली, ओल्या अनवाणी पायांनी गोणपाटावर उभी राहिली आणि तिनं महाराजांचा आशीर्वादाचा हात मनगटाशी दोन्ही हातांनी धरला.

महाराज पाटावर बसल्या जागी वीतभर उडाले.

"जगदंब!" असं ते म्हणाले. पुढचं "आई गं, मेलो" हे स्तोत्रात नव्हतं. त्रिशुळावरची मूठ आवळली ती सुटेना. पाप सोडवत नसावं. दुसऱ्या हाताला उमा चिकटलेली. तिचे कोपर थडथडत होते, दात ओठात रुतून हनुवटीवर रक्त आलं होतं, डोळे पांढरे झाले होते. सोडत मात्र नव्हती.

"थांब! बाळ! अरे बाळ!" महाराज किंचाळले.

बाळच्या डोळ्यांवर पट्टी, कानात ढोल. महाराज ओरडले की जोरात फिरवायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं. महाराज आजवर असे कधी ओरडले नव्हते. बाळनं दोन्ही हात लावले. इतका आज्ञाधारक शिष्य मी दुसरा पाहिला नाही.

खांबापाशी धरणाऱ्यांचे हात सैल पडले होते. मास्तर सुटले. ते उमाकडे धावले नाहीत, जात्याकडे धावले. बाळला खांद्यानं उडवून त्यांनी जातं चौथऱ्यासकट उलटं केलं.

उमा गोणपाटावर गळून पडली. महाराज पाटावरून. ढोल एकेक करत बंद झाले.

उलट्या चौथऱ्याखाली सायकलची चेन होती. चेनला मॅग्नेटो. मॅग्नेटोतून निघालेली एक तार मातीखालून त्रिशुळाला गेली होती, दुसरी गोणपाटाखालच्या लोखंडी पत्र्याला.

गयाबाई नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जात्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "पीठ कुठाय?"

मास्तरांनी मॅग्नेटोचा दांडा हातात घेतला. "सदू, चपला घालून ये. घाल, देव रागावला तर मी बघतो."

सदू रबरी चपला घालून गोणपाटावर उभा राहिला आणि त्यानं त्रिशूळ धरला. मास्तरांनी दांडा फिरवला. काही झालं नाही.

"आता चपला काढ. ओल्या पायानं उभा राहा."

दांडा हळूच फिरला. सदूचा कोपर ताडकन वाकला. मास्तरांनी लगेच थांबवलं.

"चप्पल घातली तर निर्दोष, काढली तर पापी. तुझे महाराज लाकडी पाटावर बसायचे ते यासाठी. लाकडातून वीज जात नाही. ज्याला सोडायचं त्याच्या वेळी ते ओरडायचेच नाहीत, बाळ जातं थांबवून बसायचा. कळलं?"

चाळीला कळलं. कळल्यावर चाळीनं जे केलं ते तिला येत होतं तेवढंच. तोच दोर, तोच पिंपात बुडवून ओला केलेला. महाराजांची जटा हातात आली, ती खोटी निघाली. मग खरे केस धरले. बाळला पट्टी काढायलाही कुणी वेळ दिला नाही. कोण मारतंय हे त्याला दिसलं नाही. वशिला नव्हताच. महाराजांचे पुढचे दोन दात गोणपाटावर पडले.

सदूनं शेगडीतला चिमटा उचलला. "जीभ धरा रे याची!"

दोघांनी जबडा फाकवला. मास्तर मधे पडले तर त्यांनाही कुणीतरी ढकललं. लाल टोक महाराजांच्या ओठाशी आलं. कातडी चरचरली.

"सदू, खाली ठेव ते."

गयाबाई उभी होती. आवाज मोठा नव्हता.

"आजी, यानंच तर तुझा हात…"

"यानं सांगितलं. मोडला तू." तिनं प्लास्टरचा हात पुढे केला. "यानं खोटं जातं फिरवलं. दोर तुम्ही फिरवलात. आता त्याची जीभ जाळून माझा हात जुळतो का? तुझं पोर येतं?"

सदूच्या हातातून चिमटा पडला. तो ओल्या गोणपाटावर पडला आणि वाफ निघाली. सदू गोणपाटावरच बसला आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

दौलतराव हवालदार आले. महाराजांना आणि बाळला घेऊन गेले. बायकोलाही घेऊन गेले, पण घरी. शुक्रवारी सकाळी सदूनं एकट्यानं गटार उकरलं. पाइपला बोट जाईल एवढी सात भोकं निघाली. उमाचा ओठ शिवावा लागला. गयाबाईचा हात जुळला, पण वाकडा. टपरीवर आता चाळीतलं प्रत्येक जण तिला आधी नमस्कार करतं. ती सुटे देते, नमस्कार घेत नाही.

पुढे महाराजांचा मॅग्नेटोही मास्तरांच्या टेबलावर आला, आता दोन आहेत. रविवारी मीही जाऊन बसतो. सगळ्यांत मोठा विद्यार्थी. गुडघा अजून दुखतो, त्याचे डॉक्टर वेगळे.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. त्या मांडवात दोनशे माणसं होती. त्यातल्या निम्म्या बायकांनी गावी पहाटे उठून जातं ओढलेलं. दाण्यांचा घास न घालता फिरणाऱ्या जात्याचा आवाज त्यांना कळत नव्हता, असं मी मानत नाही. तो सगळ्यांना ऐकू येत होता. विचारलं मात्र एकीनंच, आणि तिला विचारायला आधी हात मोडून घ्यावा लागला.

म्हणून हात जोडून सांगतो. भस्म काढणारा भेटो, भूत उतरवणारा भेटो, कुणाच्या घरी करणी आहे ते सांगणारा भेटो. भांडू नका, मारू तर मुळीच नका. त्याचं जातं उलटं करून बघा. तेवढं धाडस नसेल तर निदान कुणावर हात उगारण्याआधी एकदा विचारा : पीठ कुठाय?